दोन गाड्या आणि आमच्या डॉक्टरबाई

"घाई कोणाले हाय?" असं म्हणून डॉक्टरबाई गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायच्या आणि बराच वेळ तसाच राहू द्यायच्या. शोरूममधल्या गाडीचं इंजिन बंद असतं, हाताला काही लागण्यासारखं नसतं. पण अडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून वाट पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. हात ठेवल्याशिवाय त्यांना कुठल्याच गोष्टीबद्दल मत देता येत नसे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात त्यांचं बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल होतं आणि त्याच्या भिंतीला लागून माझी रक्त-लघवी तपासण्याची लॅब. आमच्या भागातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हातावर जन्मली. त्यामुळे रस्त्यात कुणीही मिशीवाला माणूस त्यांना वाकून नमस्कार करायचा आणि त्या "वजन कमी होतं तुझं, आता बरा दिसतोस" असं म्हणून पुढे जायच्या.

त्यांचे यजमान बँकेत होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. घरात गाडी कोणती घ्यायची, कोणत्या रंगाची, केव्हा विकायची, हे साहेब ठरवायचे. साहेब आजारात गेले आणि गाडी हॉस्पिटलच्या मागे ताडपत्रीखाली उभी राहिली. वर्ष उलटल्यावर एक दिवस बाई लॅबमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले गाडी शिकवा."

बाजार समितीच्या पटांगणात धानाची पोती उचलून झाली की आमचे धडे चालायचे. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली बाई, पांढरी सुती साडी, पायात कापडी बूट. रस्त्यावर आल्यावर तर सायकलीसुद्धा आम्हाला मागे टाकत.

"मांगचा हॉर्न वाजवून राह्यला, बाई," मी सांगायचो.

"वाजवू द्या. त्याले घाई असन, तर तो जाईन."

गाडी हातात बसली तशी साहेबांची जुनी गाडी त्यांनी विकायला काढली आणि नवी घ्यायचं ठरवलं. नवी म्हणजे साधी नाही. आकाराने लहान, पण भारी. मोठ्या, महागड्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी अलीकडे धाकट्या एसयूव्ही काढल्या आहेत, त्यातली. मुलगा हैदराबादला नोकरीला होता. त्याने फोनवर समजावून पाहिलं, आई, तू आत्ताच शिकलीस, साधी घे. बाईंनी मला स्पीकरवरच ऐकवलं.

"माही पहिली सायकल भावाची जुनी होती," त्या त्याला म्हणाल्या. "पहिली मोटार तुह्या बाबाच्या पसंतीची. आता एक माह्या पसंतीची घेऊ दे."

गावात चर्चा झाली. त्या शेतमजुराच्या घरातून शिकून आलेल्या, बौद्ध घरातल्या. टेबलावर औषधांच्या नमुन्यांमध्ये बुद्धाची एक लहानशी मूर्ती असायची. "आता यांच्याकडंही असल्या गाड्या..." असं म्हणून काही लोक वाक्य अर्धवट सोडायचे. अशी वाक्यं कुठे जाऊन संपतात हे तुम्हालाही माहीत असेल. बाईंना तर लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी त्यावर कधी काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

दोन गाड्या ठरल्या. दोघींच्या कंपन्या एकमेकींच्या जुन्या वैरी, आणि नागपुरात दोघींची शोरूमंही एकाच रस्त्यावर. एक पांढरी दाखवली, एक निळी. पुढे आम्ही त्यांना पांढरी आणि निळीच म्हणू लागलो. हॉस्पिटलमधल्या नर्सा पांढरीच्या बाजूच्या झाल्या, औषधाच्या दुकानाचा मालक निळीच्या. तपासणीला आलेल्या बायकासुद्धा मोबाइलवर फोटो बघून मत देऊन जायच्या.

पांढरीच्या शोरूममधला सेल्समन तिशी ओलांडलेला होता. टाय, चकचकीत बूट, आणि शुद्ध बोलायची पराकाष्ठा. तो प्रत्येक वाक्य माझ्याकडे बघून बोलायचा.

"सर, यात आतल्या दिव्यांचे रंग बदलता येतात. सर, मागे कोट अडकवायला हुक आहे."

"गाडी मॅडमची आहे," मी म्हणालो.

"हो सर. मॅडमना रंग आवडतील."

बाईंनी बॉनेटवरचा हात काढला. "मले एक सांगा जी. मांगच्या सीटवर बाई आडवी झोपू शकते का?"

त्याला प्रश्न कळला नाही. हे असं कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, कापडी बूट काढून दाराशी ठेवले आणि त्या मागच्या सीटवर सरळ आडव्या झाल्या. गुडघे वर घेतले. डोळे मिटले. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं, एक नवरा-बायको आणि त्यांचे वडील, काचेतून बघत उभे राहिले. मीही पर्स धरून बघत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"बरी हाय," त्या उठून म्हणाल्या. "डोकं दाराले लागत नाई."

मग निळीत झोपून पाहिलं. निळीची मागची सीट आखूड होती, पाठीत काहीतरी टोचत होतं, डिक्कीही उथळ. पण पुढे बसून शोरूमसमोरच्या रस्त्यावर एक फेरी मारायला निघाल्या, तेव्हा त्यांनी तीन मारल्या. निळी जमिनीला धरून वळायची, पाय ठेवला की लगेच ऐकायची. एवढं मलाही कळलं.

"चालवाले मजा येते," त्या उतरताना म्हणाल्या, आणि लगेच, "पण मजेचं काय करता?" असंही म्हणाल्या.

आडव्या झोपण्याचं कारण आमच्याकडच्या माणसाला विचारावं लागत नाही. अँब्युलन्स एका गावाला गेली की दुसऱ्या गावाची बाई थांबून राहते, आणि बाळंतपण थांबत नाही. साहेबांच्या गाडीतून, साहेबांना चालवायला लावून, बाईंनी कित्येकींना चंद्रपूरला नेलं होतं. म्हणून सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की पांढरीच येणार. तरी बाईंनी दोन्हीकडे सांगितलं, "गाडी इथी घेऊन या, आमच्या रस्त्यावर. नागपूरच्या रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच चालते."

पांढरी पहिली आली. सकाळची वेळ, बाई चालवत होत्या, सेल्समन शेजारी आणि मी मागे. त्यांची औषधांची बॅग डिक्कीत होती. ती त्या भाजीला जातानाही बरोबर न्यायच्या. चंद्रपूरच्या रस्त्याला लागलो, आणि जंगल सुरू व्हायच्या आधीच त्यांचा फोन वाजला. तो गाडीच्या यंत्रणेला जोडलेला होता, त्यामुळे आम्हा तिघांनाही ऐकू आलं. आतल्या एका गावातून उपकेंद्राची नर्स बोलत होती. बाई घरीच बाळंत झाली, पोर चांगलं आहे, पण रक्त थांबत नाही. अँब्युलन्स गडचिरोलीला केस घेऊन गेली आहे.

बाईंनी तिथूनच गाडी वळवली. सेल्समन म्हणाला, "मॅडम, टेस्ट ड्राइव्हचा रूट ठरलेला असतो..." पुढचं वाक्य त्याने स्वतःच सोडून दिलं.

त्या घरासमोर पोचल्यावर काय काय झालं ते सगळं मी सांगत बसत नाही. बाईला चादरीत धरून आणलं आणि मागच्या सीटवर झोपवलं. गुडघे वर, डोकं दाराच्या अलीकडे, जसं शोरूममध्ये पाहिलं होतं तसंच. डॉक्टरबाई मागे पायांशी शिरल्या. चाव्या त्यांनी सेल्समनकडे फेकल्या.

"आता तुमी चालवा. मले दोन्ही हात पाह्यजे."

सलाइनची बाटली त्या कोटाच्या हुकाला अडकवली. मी पुढे बसून मागे वळून नळी धरली होती. डॉक्टरबाई दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून होत्या आणि सतत तिच्याशी बोलत होत्या. पोराचं नाव काय ठेवणार, घरी म्हैस किती दूध देते, माहेर कुठलं. बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते. ती दर वेळी उशिराने उत्तर द्यायची, आणि एकदा दिलंच नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या गालावर मारलं, चांगलं जोरात, आणि पुन्हा विचारलं, "माहेर कुठलं म्हणलं मी?"

"सिंदेवाही," ती म्हणाली.

जंगलाचा रस्ता, मध्येच उठून बसलेल्या गाई, हळू चालवा म्हणून लावलेल्या पाट्या. सेल्समनने गाडी अशी नेली की नळी हातातून एकदाही सुटली नाही. टाय त्याने केव्हा काढून टाकला कोण जाणे. चंद्रपूरला दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं आणि डॉक्टरबाई तिचं पोट दाबतच त्याच्याबरोबर धावत आत गेल्या. त्या धावू शकतात हे मी तेव्हाच पाहिलं.

बाई वाचली. दुपार कलली तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या, नळावर कोपरापर्यंत हात धुतले. साडीवरचं रक्त वाळून कडक झालं होतं. झाडाखाली सेल्समन गाडीची चारही दारं उघडून, बाटलीतल्या पाण्याने मागची सीट पुसत होता. सीट फिक्या रंगाची होती. ती पुसून निघण्यासारखी नव्हती.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या मॅनेजरशी मी बोलू का?"

"नाई मॅडम. मी सांगतो त्याले." त्याची शुद्ध भाषा कुठेतरी रस्त्यातच राहिली होती. जरा वेळाने, सीटकडे बघतच तो म्हणाला, "माह्या बायकोले सातवा महिना लागला."

बाई त्याच्या शेजारी दगडावर बसल्या. कोणत्या दवाखान्यात दाखवता, रक्त तपासलं का, पाय सुजतात का, असं सगळं विचारलं. तो पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता उत्तरं देत होता.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पांढरीवाला पक्ष जिंकला असं धरलं गेलं. औषधवाल्यानेही हार मानली. निळी टेस्ट ड्राइव्हला आली तेव्हा कुणी दारात बघायलाही आलं नाही. बाई तिला घेऊन एकट्याच गेल्या, सोबत फक्त शोरूमचा माणूस, आणि परत आल्यावर सरळ वॉर्डात निघून गेल्या. मग कितीतरी दिवस गाडीचा विषयच बंद झाला.

एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "चला भाऊ, नागपूरले जाऊ. गाडी सांगून येऊ." वाटेत वरोऱ्याला एसटी थांबली तेव्हा चहा घेतला. आधी पांढरीच्या शोरूममध्ये गेल्या. सेल्समन धावत आला. मुलगी झाली होती, त्याने मोबाइलवर दाखवली. बाईंनी फोटो मोठा करून बाळाचा रंग नीट पाहिला, कावीळ नाही ना म्हणून. मग म्हणाल्या, "मी निळी घेऊन राह्यली. तुमाले दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आली."

त्याचा चेहरा उतरला. ते त्याला लपवता आलं नाही. "काऊन मॅडम? आमच्या गाडीनं त्या दिवशी..."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत बसली की मी पह्यले मांगं पाहीन. सकाळी सहज फिराले निघाली, तरी मांगं पाहीन. आतापर्यंत तसंच पाहत आली." मग समोरच्या शोरूमकडे बोट करून म्हणाल्या, "ती निळी काही कामाची नाई. मांगं धड झोपता येत नाई, डिक्कीत काही मावत नाई. मले तशीच पाह्यजे."

त्याने हातातला मोबाइल खिशात ठेवला. मग रस्ता ओलांडून आम्हाला समोरच्या शोरूमच्या दारापर्यंत सोडायला आला. आत मात्र आला नाही.

परतताना मी म्हणालो, "आणि पुन्हा असा फोन आला तर, बाई?"

"आला तर जाईन. निळीतच नेईन, पाठीत टोचलं तरी. पण घेताना अडलेल्या बाईसाठी नाई घेतली." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, हे बोलणं त्यांना एखादं अवघड बाळंतपण करण्यापेक्षा जड गेलं असावं.

निळी आली. नर्सा नाराज झाल्या, काही लोकांनी डॉक्टरबाई बदलल्या असं ठरवलं. असं ठरवणाऱ्यांपैकी एक जण बाईंच्याच हातावर जन्मला होता. त्या आता रविवारी दुपारी ओपीडी बंद ठेवायच्या. एकदा मी गडचिरोलीहून मोटारसायकलने येत होतो तर वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे निळी उभी दिसली. बाई आत बसून भुईमुगाच्या शेंगा खात होत्या. काच खाली केली, मूठभर शेंगा मला दिल्या.

"कुठं निघाल्या बाई?"

"कुठीच नाई," त्या म्हणाल्या. अगदी समाधानाने. शेंगा खाल्ल्या आणि निघालो.

पुढच्या वर्षी त्यांनी हॉस्पिटल एका तरुण डॉक्टर जोडप्याला दिलं आणि मुलाकडे जायचं ठरवलं. सामान ट्रकने पुढे गेलं. मुलगा न्यायला येतो म्हणत होता, त्याला येऊ दिलं नाही. राजुऱ्यावरून, तेलंगणातून, एकट्या गाडी घेऊन जाणार होत्या. सकाळी हॉस्पिटलसमोर माणसं जमली. नर्सा रडत होत्या, बाईंना ते आवडत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी मूलचा तांदूळ आणला, एचएमटी जातीचा कट्टा, म्हणजे लहान पोतं. डिक्की भरलेली, म्हणून तो डाव्या सीटवर ठेवला.

बाईंनी गाडी सुरू केली तर गाडी टीं टीं करू लागली. सगळे घाबरून बघू लागले. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडीला वाटत होतं. बाई वाकल्या, तांदळाच्या कट्ट्याला पट्टा लावला, कुणा म्हाताऱ्या माणसाला लावावा तसा सावकाश, आणि वर दोनदा थोपटलं. आवाज बंद झाला. मग त्यांनी आरसा सारखा केला, आमच्याकडे बघून मान हलवली आणि चौकात वळताना रीतसर दिवा दाखवला, मागे एकही वाहन नसताना.