उत्तर देणाऱ्याचा हात

हेडमास्तर म्हणाले, "आता स्वतःच्या थोबाडीत मारा. पोरांना दिसेल अशी."

मी सहावीच्या वर्गावर मास्तर होतो. अंगात कोट, हातात खडू. समोर माझीच पोरं. दारात पाटील उभे. मी खडू टेबलावर ठेवला आणि मारली.

"ऐकू आली नाही."

मी पुन्हा मारली. जोरात.

गुन्हा काय, ते सांगतो. तापीकाठच्या त्या शाळेत एक रीत होती. प्रश्न विचारायचा. ज्यांना येत नाही त्यांनी ओळीनं उभं राहायचं. ज्याला येतं त्यानं ओळीतल्या प्रत्येकाच्या थोबाडीत द्यायची. मास्तरांचा हात दुखत नाही आणि पोरं ईर्ष्येनं अभ्यास करतात, असं सगळे म्हणत. मीही अशाच थोबाडीत खाऊन सातवीची फायनल पास झालो होतो. मला ती रीत वाईट वाटत नव्हती. खरं सांगायचं तर आवडायची. वर्ग चिडीचूप राहायचा.

त्या दिवशी त्रैराशिकाचं उत्तर एकट्या वेस्ताला आलं. वेस्ता भिलाचा. मीही भिलाचा. आमची वस्ती गावाबाहेर. दोघांचेही बाप पाटलांच्या शेतावर सालदार. ओळीत पाटलांचा छगन उभा होता. मी वेस्ताला म्हणालो, "चल, दे." त्यानं इतरांना दिली तशीच छगनलाही दिली. ना हळू, ना जोरात.

दुपारी पाटील आले ते ओरडतच. "मन्हा पोऱ्याना गालले भिलडाना हात लागना! काय शिकाडी ऱ्हायना रे तू? उद्या मन्हा घरमा घुसशी का?"

मग ते घडलं. बापाची भाकरी पाटलांच्या हातात होती म्हणून मी मारून घेतली, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. बापानं मला तसं कधी सांगितलं नव्हतं. भीती माझी होती.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग हाताबाहेर गेला. फळ्याकडं वळलो की मागून आवाज यायचा. फट. मग खसखस. कुणीतरी तोंड लपवून विचारायचं, "मास्तर, गाल दुखस का?" मी छडी उगारली तर आणखी हसत. ज्याला आपल्याच थोबाडीत मारताना पाहिलं, त्याच्या छडीला पोरं कशाला भितील?

तेही सोसलं असतं. पण हेडमास्तरांनी रीतीत दुरुस्ती केली. भिलाच्या पोराला उत्तर आलं तर त्यानं जागेवर बसून राहायचं, कुणाला हात लावायचा नाही. नाही आलं, तर ओळीत उभं राहायचं आणि खायची. "वर्ग चालवायचा असेल तर एवढं करा," ते मला म्हणाले. मी केलं. दिवाळीपासून होळीपर्यंत केलं.

आमच्या पोरांनी आधी हात वर करणं सोडलं. मग पाटीकडं बघणं सोडलं. वेस्ता खिडकीतून सातपुड्याकडं बघत बसायचा. विचारलं की, "नाय येत, मास्तर." त्याला येत होतं. मला ठाऊक होतं. एक हुशार पोरगा माझ्या डोळ्यांदेखत मठ्ठ होत चालला होता. आणि ते काम मी करत होतो.

होळीला वस्तीवर गेलो. वेस्ताचा बाप ढोल तापवत बसला होता. म्हणाला, "मास्तर, पोरगा म्हणतो, काही येत नाही. शाळेतून नाव काढून घेतो त्याचं. ढोरांमागं जाईल." मी त्याला खरं कारण सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात डिपोटी साहेब तपासणीला आले. वर्गाला विचारलं, "तापी कुठं उगम पावते?"

एकही हात वर नाही. छगन खाली बघत होता. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम. ते मला खुणावू लागले. मी म्हणालो, "वेस्ता, सांग."

त्यानं खिडकीवरची नजर काढली. मग उठला. "मुलताईला."

"शाबास!" साहेब हसले. "तुमच्या शाळेची ती रीत ऐकून आहे मी. दाखवा."

"हा मुलगा मारत नसतो, साहेब," हेडमास्तर घाईनं म्हणाले.

"का बरं?"

"मास्तर, सांगा साहेबांना. स्वभावानं गरीब आहे म्हणावं."

मी सांगितलं. "भिलाचा आहे म्हणून मारत नाही. एकदा यानं मारली, तर मला या वर्गासमोर स्वतःच्या थोबाडीत मारायला लावली. मी मारली."

साहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. "हे तुमचं तुम्ही आपसात मिटवा."

ते बाहेर पडताच हेडमास्तर माझ्या अंगावर आले. "मारा! आत्ताच्या आत्ता! दोन्ही गालांवर!"

"नाही."

"काय म्हणालात?"

"नाही मारणार. आजपासून या वर्गात कुणीच कुणाला मारणार नाही. वेस्ता नाही, छगन नाही. मी नाही आणि तुम्हीही नाही."

वर्गात कुणी हसलं नाही.

महिनाभरात माझी बदली झाली, सातपुड्यातल्या काठी गावाच्याही वरच्या पाड्यावर. आखाजीला सालदारांची नवी सालं ठरतात, तेव्हा पाटलांनी माझ्या बापाला पुन्हा सालावर ठेवलं नाही. वेस्ताचं नाव शाळेतून गेलं. त्याच्या बापानं काढलं की हेडमास्तरांनी, मला कुणी नीट सांगितलं नाही. मी होळीच्या आधी बोललो असतो तर? हे ओझं माझं आहे. ते उतरावं असं मला वाटतही नाही.

इथं माझ्या वर्गात ज्याला येतं तो उठून न येणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्याला येईपर्यंत बसतो. गोंगाट फार होतो. तपासणीला येणारे लिहून जातात, शिस्त नाही. लिहोत.

ही शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढं शिकायचं तर त्याच तापीकाठच्या शाळेत उतरावं लागतं. हेडमास्तर बदलले, रीत तीच आहे असं ऐकतो. या जूनला माझी तीन पोरं खाली जाणार आहेत. मी स्वतः घेऊन जाणार आहे. पहिल्या बाकावर बसवणार आहे. कुणी उठवलं, तर पुन्हा बसवणार आहे. पुढच्या जूनला आणखी नेईन. माझी बदली करायची तर करा. याच्या वर शाळाच नाही, नुसता डोंगर आहे.