सुतारबाबांचा फिरता पूल

त्या दिवशी खाडीवर मी होते, माझी जाऊ हिरा होती, मिठागराचा मुकादम होता आणि आमचे सुतारबाबा. पलीकडच्या काठावर माझी सासू. आता त्यातली मीच उरलेय.

सुतारबाबा काडीसारखे. हातात येईल ती वस्तू बोटावर आडवी धरून तोलायचे. छत्री असो, विळा असो. आमच्याकडे जेवायला बसले तरी आधी पळी तोलणार. हिरा म्हणायची, "बाबा, आमटी निवली."

आमचं घर कळव्याच्या बाजूला, आम्ही कामाला जायचो ते मिठागर खाडीच्या फाट्यापलीकडे. भरतीत चालत जाता यायचं नाही, आणि पक्का पूल घातला तर मिठाचे मचवे अडायचे. म्हणून बाबांनी फिरता पूल केला. मिठागराच्या काठावर खुंट रोवला, त्यावर फळ्यांचा लांब पूल जात्यासारखा फिरायचा. मचवा आला की पूल काठाला लावायचा, गेला की परत आडवा. मागच्या आखूड शेपटीवर वजन हवं, नाहीतर पुढचं टोक पाण्यात. त्या चिखलात दगड कुठला? बाबांनी मिठाची पोती ठेवली.

मुकादम हसला. "बाबा, उद्या साखरेचं घर बांधाल."

बाबा म्हणाले, "हाताशी आहे ते वापरायचं."

मग त्या दिवशी उधाण आलं. पाणी पोत्यांपर्यंत चढलं, मीठ विरघळून नुसती गोणपाटं राहिली. टोक ज्यावर टेकायचं तो पलीकडचा टेकूही वाहून गेला. पूल आडवा होता, पण टोक पाण्यात. तेवढ्यात सासूनं पलीकडून मला हाक मारली, तुझ्या पोराला झटके आलेत, ये. होडी नव्हती.

बाबा शेपटीवर जाऊन बसले. टोक हललं, वर आलं नाही. त्यांनी हिराला बसवलं. मग मुकादमाकडे नुसतं पाहिलं. तोही धोतर सावरून बसला. टोक वर आलं.

"चाल गो बाय," बाबा म्हणाले. "तू पार होईस्तोवर इथून कोणी उठायचा नाही."

मी गेले. पोरगा सांजेला गेला. माझ्या मांडीवर गेला, तेवढं मला मिळालं.

बाबा भेटायला आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पारसिकच्या डोंगराकडून डोक्यावर एकेक दगड आणू लागले. मुकादम मचवा देत होता, नको म्हणाले. मी एकदा वाटेत गाठून सांगितलं, बाबा, तुमच्यामुळे काही झालं नाही.

"मीठ पाण्यात विरघळतं, हे पोरालाही कळतं गो," ते म्हणाले, आणि चालू लागले.

पुढे ते लेकीकडे कल्याणला गेले. तिथेच वारले. मिठागर बंद झालं, पुलाच्या फळ्या लोकांनी सरपणाला नेल्या. दगड मात्र अजून काठावर आहेत. वाचणाऱ्यांनी एवढं करा, भरावाला ते उचलू नका.