काहूनआत्या

बडनेरा स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे आमची आत्या बसायची, तेव्हा तिच्या रांगेत उभं राहणं म्हणजे तोंडी परीक्षा देणं होतं. कोणी म्हणालं, "एक अकोला द्या," की आतून प्रश्न यायचा, "अकोल्याले काहून?" बिचारा माणूस दचकायचा आणि सासऱ्याच्या मोतीबिंदूपासून सुरुवात करायचा. तिकीट मिळायचंच, पण कारण पटलं नाही तर तेही त्याला ऐकून घ्यावं लागायचं. "पुतनीच्या साखरपुड्याले जाऊन राह्यले, न् असे रिकाम्या हातानं?" मागची रांग हसायची. भावकीत तिचं खरं नाव कोणाला चटकन आठवत नसे. सगळे तिला काहूनआत्या म्हणत.

अकोल्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा मी तिच्याकडे राहायला आलो. आमचं घर भातकुलीला, तिथून रोजचं अपडाउन जमण्यासारखं नव्हतं. आत्या निवृत्त झाली होती, आतोबा वारल्यापासून एकटीच होती आणि घर स्टेशनला लागून होतं. "माह्याकडं ये. गाडीचा भोंगा आयकला का पयत सुटायचं," असं तिने सांगितलं. पळण्याचं वय होतं, पण पळणार कसा? सकाळी माझी कंबर लाकडासारखी झालेली असायची. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. मग एक पाय खाली, थोडं थांबून दुसरा, आणि शेवटी भिंतीला धरून उभं राहणं. आत्या दारात चहा घेऊन हा सोहळा पाहायची. "काहून रे, झोपेत कोनी हानलं का तुले?"

गंमत अशी की स्टेशनपर्यंत चालून आणि मूर्तिजापूरपर्यंत गाडीत उभं राहून अंग हळूहळू मोकळं होई. अकोला येईस्तोवर मी माणसात आलेला असे. डॉक्टरांच्या वेळा मात्र संध्याकाळच्या. तोवर मी इतका धडधाकट दिसायचो की मलाच स्वतःचा संशय यायचा. पहिल्या डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसऱ्यांनी नस दबली म्हणून कमरेला पट्टा दिला आणि पडून राहायला सांगितलं. वर्गात मी मुलांना बजावत असे, पुरावा तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. आणि स्वतः मात्र छापील कागदावर डॉक्टरांनी काहीही खरडलं, तरी मान डोलवत असे. तेव्हा मान डोलत होती, हेही नशीबच म्हणायचं. मी आज्ञाधारकपणे पडून राहिलो आणि दुखणं दुप्पट झालं.

"आराम केल्यानं वाढते, तं डाक्टरले काहून नाई सांगत?" आत्या म्हणाली.

"अगं, त्यांना काय वाटेल?"

"त्याईले काय वाटन! पाठ तुही हाय का त्याईची?"

त्यानंतर ती माझ्यासोबत येऊ लागली. तिशीतला प्राध्यापक आत्याचं बोट धरून दवाखान्यात येतो, ही बातमी बडनेऱ्यात पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले, सगळं नॉर्मल आहे म्हणाले, टेन्शन आहे म्हणाले आणि लग्न करून टाका असा सल्ला दिला. आत्याने खुर्ची पुढे ओढली. "मले एक सांगा जी. मानूस रातभर झोपला तं सकाळी ताजा व्हाले पायजे. हा काहून आखडते? अन् लग्नानं पाठ कशी काय सुधरते? माहं झालं होतं लग्न. माही तं वाकली." डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पडताना मी त्यांची माफी मागितली. दुखणं माझं, आणि माफीही मीच मागत होतो.

तरी डॉक्टरांचा सल्ला म्हणून एक मुलगी पाहायला गेलो. सोफा भलताच खोल होता. चहाचा कप घ्यायला पुढे वाकलो तो तसाच राहिलो. सरळ होईना, मागे टेकता येईना. मुलीचे वडील कौतुकाने म्हणाले, "पोरगा फार नम्र आहे." शेवटी मला त्या नम्रतेतून उभं करायला आत्या आणि मुलीचा भाऊ असे दोघे लागले. त्यांचा नकार आला, तेव्हा मला मनापासून हायसं वाटलं.

आत्याही काही देवमाणूस नव्हती. तेल्हाऱ्याकडे एक हाड बसवणारा आहे, असं तिच्या जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, तर ती मला थेट तिथे घेऊन गेली. त्या धिप्पाड माणसाने मला पालथं पाडलं आणि माझ्या पाठीवर उभा राहिला. कडकन आवाज झाला. "बसलं," तो म्हणाला. मी मात्र तिथून उठूच शकलो नाही. परत येताना जीपच्या मागच्या सीटवर मी पोत्यासारखा आडवा होतो आणि आत्या खिडकीबाहेर पाहत होती. त्या दिवशी तिने कोणाला काहीच विचारलं नाही.

पुढे एका सकाळी वर्गात माझा डावा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून मी दुकानातून थेंब आणून टाकत राहिलो. आठवड्याभरात त्या डोळ्याला फळ्यावरचं माझंच अक्षर धुकट दिसू लागलं. मुलांना ते आधीही दिसत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण मी घाबरलो. आत्या गाडी पकडून अकोल्याला आली आणि मला कॉलेजातून उचलून डोळ्यांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग त्या खुर्ची सरकवून म्हणाल्या, "सर, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? चाललं की बरं वाटतं?"

मी दोनदा 'हो' म्हणालो. इतकी वर्षं मी जे सांगत फिरत होतो, ते मला कोणीतरी विचारत होतं.

"बाई," आत्या म्हणाली, "डोयाचा न् कंबरेचा संबंध काहून?"

बाई हसल्या आणि त्यांनी चक्क उत्तर दिलं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच कधी कधी स्वतःच्या सांध्यांवर उलटते, तिथे सूज येते आणि तीच सूज डोळ्यातही उतरू शकते. डोळा वेळेत दाखवला आहे, वाचेल. पण पाठीची तपासणी आता टाळू नका. त्यांनी ज्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांचा दवाखाना अमरावतीत, मी शाळेपासून ज्या रस्त्याने सायकल हाणत आलो त्याच रस्त्यावर निघाला. रक्ताची तपासणी झाली, एमआरआय झाला आणि माझ्या दुखण्याला नाव मिळालं : अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. आजार आयुष्यभराचा आहे हे ऐकून माणसं खचतात म्हणे. मी मात्र दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून आनंदाने रडलो. मी ढोंगी नव्हतो, याचा पुरावा माझ्या हातात होता. आत्याला ते नाव उच्चारता येईना. तिने त्याचं 'अंकल' करून टाकलं. "तुहा अंकल काय म्हंते आज?" असं ती भर बाजारात विचारायची आणि लोक माझ्या काकांची चौकशी करायचे.

पण तज्ज्ञांनी आणखीही काही सांगितलं होतं. मानेचे काही मणके आधीच जुळत चालले होते, ते आता सुटणार नव्हते. आणि अशा पाठीवर कोणी उभं राहिलं, तर कणा मोडूही शकतो. त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. भाकरी ताटात तशीच ठेवून म्हणाली, "साऱ्या दुनियेले काहून काहून करत राह्यली. त्या तेल्हाऱ्याच्या मानसाले नाई इचारलं. तुले माह्या हातानं नेलं रे बापू." मी म्हणालो, "आत्या, तू नसतीस तर मी अजून गॅसच्या गोळ्या खात असतो." ते खरंच होतं, पण तिचं समाधान झालं नाही.

गोळ्यांनी पुरेसा फरक पडेना, तेव्हा इंजेक्शन ठरलं. आधी टीबीच्या तपासण्या झाल्या, मग दर पंधरवड्याला घरीच टोचून घ्यायचं. लढायांची वर्णनं रंगवून सांगणाऱ्या मला सुई पाहिली की घाम फुटायचा. आत्याने नर्सबाईंकडून रिकामी सिरिंज मागून आणली आणि दोन दिवस संत्र्यांवर सराव केला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोट इकडं कर. संत्रं असं थरथरत नाई." काही महिन्यांनी एका सकाळी मी पलंगावरून उतरलो, न्हाणीघरात गेलो, दात घासले आणि मग लक्षात आलं की भिंतीला हातच लावला नाही. आत्या दारात चहा घेऊन उभी होती. कप खाली ठेवून तिने पदराने डोळे पुसले आणि "धूर हाय चुलीचा" म्हणाली. आमच्या घरात तेव्हा गॅस होता.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. दुपारी जेवून पडली, ती उठली नाही. भातकुलीहून सगळे आले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात जमली, भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं आणि तिला उचलायची वेळ झाली. मी पुढे झालो, तेव्हा चुलतभावाने मला थांबवलं. "सर, तुमी राहू द्या. पाठ हाय तुमची." मी त्याचा हात बाजूला केला आणि पुढचा डावा खांदा घेतला.

आजाराने माझी उंची थोडी घटवली आहे, त्यामुळे तिरडी सारखी माझ्याकडे कलत होती. मान वळत नसल्याने बाजूचा काय म्हणतो ते मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं : "सर, बदला खांदा. सर, आता द्या." फाटक ओलांडलं, बाजार मागे पडला, तरी मी दिला नाही. तिचं सगळं वजन माझ्याच बाजूला आलं होतं, आणि पाठ ते पेलत होती.