निळ्या कोटातली निवेदिका

बालझान झुनुसोवाला कारागांदा या कोळसाखाणींच्या शहरात बाजारातही लोक ओळखत. घोड्याचं मांस तोलता तोलता एखादी विक्रेती म्हणे, "ताई, आमच्या लग्नाच्या शुभेच्छा तुम्हीच वाचल्या होत्या टीव्हीवर!"

शहरातली पहिली खासगी वाहिनी सुरू झाली तेव्हा ती खाणीच्या दिवेघरात कामाला होती. पाळीवर उतरणाऱ्या मजुरांना दिवे वाटायची. तिचा आवाज खणखणीत, म्हणून व्हिक्टर नावाच्या जर्मन वंशाच्या तंत्रज्ञाने तिला बोलावलं. नऊ मजली वसतिगृहाच्या वरच्या खोलीत एक कॅमेरा आणि भिंतीवर गालिचा, एवढाच स्टुडिओ. वाढदिवसाच्या शुभेच्छा, विकाऊ फर्निचरच्या जाहिराती आणि संध्याकाळी एक सिनेमा. सहा वर्षं चाललं सगळं. पुढे प्रसारणाच्या लहरींचे लिलाव झाले, दुसऱ्याच कोणी जास्त बोली लावली आणि गाशा गुंडाळावा लागला. व्हिक्टर जर्मनीला गेला, तिथेच वारला. बालझानपाशी उरली ती एकच गोष्ट : या वाहिनीवर पहिला शब्द आपण बोललो.

ही गोष्ट तिने तीस वर्षं सांगितली. म्हणून तर या वाहिनीचं दालन उघडणाऱ्या शहराच्या संग्रहालयातली आयसाना तिच्याकडे आली. व्हिक्टरच्या मुलीने पाठवलेल्या जुन्या फितीची नक्कल तिने लॅपटॉपवर लावली.

पडद्यावर त्याच पहिल्या दिवसाची तारीख होती, निळा कोटही बालझानचाच होता. पण तो घालून "नमस्कार, कारागांदाकरांनो" म्हणत होती ती तमारा. वसतिगृहाची लिफ्ट चालवणारी तमारा!

"आजी, या कोण?" आयसानाने विचारलं.

बालझानच्या हातातला चहा तसाच राहिला. "ही... पण मी बोलले होते गं. घसा कोरडा पडला होता, ते आठवतंय मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तमाराचं दार ठोठावलं. तमारा अजून त्याच इमारतीत राहत होती.

"तू बोलली होतीस का पहिल्यांदा? खरं सांग."

"मी? डोकं फिरलंय का तुझं! कॅमेरा बघून माझे पाय लटपटायचे."

"मग फितीत कोण आहे? तुझं भूत?"

तमाराने तिला आत घेऊन खुर्ची पुढे केली. "दिव्यांचा उजेड जमतोय का बघायला व्हिक्टरने बसवलं असेल. किंवा तू उशिरा आली असशील. बर्फ होतं का त्या दिवशी?"

"ते मी तुला विचारतेय ना!"

दोघींनी खूप आठवून पाहिलं. आठवण जितकी उकरावी तितकी गढूळ होत गेली. ती चाचणी होती, तर ती जपून का ठेवली? आणि खरंच प्रसारण झालं असेल, तर मग आपला कोरडा पडलेला घसा कुठल्या दिवसाचा? बालझानला काही सुधरेना.

शेवटी तिने आयसानाला फोन केला. "दोघींचीही नावं लिही."

"फलकावर पहिली एकच लिहायची आहे, आजी."

"मग तमाराचं लिही. फितीत तीच आहे." फोन ठेवल्यावर तिला कळेना, आपण खरं बोललो की खोटं.

दालनाच्या उद्घाटनाला तमारा डोक्याला नवा रुमाल बांधून आली. वार्ताहराने विचारताच ती बोलायला लागली : व्हिक्टरने बोट वर करून इशारा कसा केला, बाहेर कुत्रं कसं भुंकलं, लोक हसले तेव्हा आपण कशा लाजलो. बालझान सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिली.

बसथांब्याकडे जाताना तिने तमाराचा हात धरला. "ते कुत्र्याचं खरं होतं का गं?"

"मला काय माहीत!" तमारा म्हणाली. "बोलायला लागले, आणि आठवलं."

"आठवलं, की सुचलं?"

तमाराने खांदे उडवले. बस आली तशा दोघी चढल्या, आणि पुढेमागे बसून आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.