जनूकाकांनी कसलेले हेक्स

रिमोटच्या गाड्या पळवणारी माणसं जमली की गाड्या जेवढा वेळ पळतात, त्याच्या तिप्पट वेळ उघडून पडलेल्या असतात. आणि उघड्या गाडीभोवती चार डोकी बसली की किस्से होणारच! आमच्या टोळीत गाड्या तीनच. मेल्विनची, सुजाताची आणि माझी. ट्रॅक सांडोरला, मेल्विनच्या वाडीत, केळींच्या कडेच्या पडीक तुकड्यावर. वेळ रविवारची, मेल्विन चर्चमधली मिसा आटपून आला की.

चौथे जनूकाका. जूचंद्रला आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे त्यांचं जुनं घर. आयुष्यभर गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात फिटर होते. त्यांच्याकडे गाडी नाही, पण त्यांच्याशिवाय आमची एकही हलत नाही.

*

हेक्स म्हणजे नखाएवढा, सहा कोनांचा धातूचा तुकडा. तो आसावर बसतो आणि त्याच्यावर चाक. आसाला घट्ट धरायला त्याला एक इवलासा स्क्रू असतो. कमी कसला तर चाक डुगडुगतं, जास्त कसला तर आटे जातात.

सुजाता विरारला दातांची डॉक्टर. "बारीक काम मला नका शिकवू," म्हणत तिने पहिल्याच दिवशी तीन स्क्रूंचे आटे घालवले. काका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, उपटायचा नाय. बसवायचाय."

*

हेक्सच्या आत आसातून आरपार जाणारी एक पिन असते. मेल्विनची पिन गवतात पडली. आम्ही तिघं तासभर रांगत होतो. काकांनी तोवर मेल्विनच्या जुन्या सायकलचा एक आरा तोडला, नजरेनं अंदाज घेतला, कापला, दोन्ही टोकं दगडावर घासली आणि पिन बसवून टाकली.

सुजाताने मोजायचं काढलं. दुसऱ्या चाकाची पिन आणि ही पिन, लांबीत जराही फरक नाही. मेल्विन म्हणाला, "काका, माझा उरलेला आरा तरी द्या, फ्रेम करून ठेवतो."

*

मग मी ऑनलाइन एक स्क्रूड्रायव्हर मागवला. हवा तेवढा जोर लावला की टक् करून आवाज देतो. महाग होता, म्हणून जरा मिरवलाही. काकांनी आधी चारही हेक्स साध्या ॲलन कीने कसले आणि म्हणाले, "आता तुजा लाव." चारही ठिकाणी, स्क्रू तसूभरही न हलता, टक्.

काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "चांगला हाय," म्हणाले. "माज्यासारखा चालतो."

*

गेल्या वर्षी काकांना पॅरालिसिसचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर येईना. व्यायाम करायला तयार नाहीत. काकूच एका रविवारी त्यांना त्यांच्याच स्कूटरवर मागे बसवून वाडीत घेऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कायतरी काम दे रे त्यांना. नायतर मानूस हातातून जाईल."

आम्ही बाराही हेक्स त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी दोन तास लावले. माझी गाडी पहिल्याच वळणावर गेली आणि चाक केळीत.

तेव्हापासून आम्ही तिघं एक चोरी करायला लागलो. काकांनी हेक्स कसून चाकं बसवली की 'बॅटरी बसवून आणतो' म्हणून गाड्या पंपाच्या खोलीमागे न्यायच्या, चाकं काढायची आणि स्क्रू परत कसायचे. त्यांना कळू नये, एवढीच धडपड. खोटं बोलताना फार वाईट वाटायचं.

*

असे बरेच महिने गेले. एका रविवारी काकांनी बाराही हेक्स कसले आणि चाकं बसवायच्या आधी आम्हाला बोलावलं. प्रत्येक स्क्रूवर लाल काहीतरी लावलेलं होतं. ते नेहमीच असायचं; स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात तो लाल गोंद असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"गोंद नाय तो," काका काकूंकडे बोट दाखवत म्हणाले. "हिचं नेलपॉलिश हाय. स्क्रूवरून हेक्सवर एक रेघ वडतो. कोनी स्क्रू फिरवला की रेघ तुटते."

रेस संपल्यावर चाकं काढून धुवायचं काम काकाच करायचे; तुटलेल्या रेघा त्यांना तेव्हा दिसत.

"पहिल्यांदा तुमी पाव फेरा मारलात," ते म्हणाले. "मग त्याच्या निम्मा. मागच्या रविवारी केसभर. हात किती आला, मी तुमच्याकडूनच मोजत होतो." मग गाड्या आमच्याकडे सरकवल्या. "जा, पंपाच्या मागं जाऊन या. पूर्ण जोर लावा. माजी दया करू नका."

आम्ही गेलो. पूर्ण जोर लावला. सुजाता तर दोन्ही हातांनी. परत आलो आणि गाड्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

काकांनी चष्मा लावला आणि एकेक रेघ पाहिली. बाराही सरळ होत्या.

त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि काकूंपुढे हात पसरला. इतके महिने स्कूटर काकू चालवत होत्या. त्यांनी चावी दिली आणि मागे बसल्या.