झाकणाचा खटका

मिस्त्रीचा जन्म लिफ्टच्या दारांशी झटण्यात गेला होता. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा. एखाद्या वॉचमनने दाराच्या खटक्यात पुठ्ठा कोंबलेला दिसला, की तो त्याची अशी हजेरी घ्यायचा की बघ्यांनाही घाम फुटे.

घरी मात्र त्याने तेच केलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याच्या आईला घास गिळता येत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही गुठळी घशात जाता कामा नये. म्हणून फूड प्रोसेसर आणला. भोपळा, गाजर, मऊ भात, सगळं त्यातून लोण्यासारखं होऊन निघे. बायको शिवणकाम करायची. हातातलं काम टाकून दिवसातून चारदा ते यंत्र फिरवायची. एकदा झाकण तिच्या हातून निसटलं आणि झाकणाच्या कडेचा, खटका दाबणारा कान तुटला. तो खाचेत बसल्याशिवाय यंत्र ढिम्म हलेना.

"अहो, आता आईंना द्यायचं काय?"

मिस्त्रीने खाचेत पुठ्ठ्याची घडी सारली. बटण फिरवताच यंत्र घरघरलं.

"नवीन झाकण येईपर्यंत दोन दिवस ढकल. पण बटण बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दोघंही हसले. दोन दिवसांचे सात झाले, तरी झाकण आलं नाही. सकाळी निघताना नजर पुठ्ठ्यावर गेली, की तो ती चटकन वळवायचा.

आठव्या दिवशी तो दोन गल्ल्यांपलीकडच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर काम करत होता. अकराच्या सुमारास सगळ्या भागाची वीज गेली. अंधारात त्याला तो पुठ्ठा आठवला. हीच तिची भाज्या फिरवायची वेळ. बटण चालूच राहिलं असेल, आणि वीज येताच पातं फिरेल.

त्याने फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. "उचल गं, उचल!" तो वरच्या मजल्याच्या दारातून बाहेर पडला आणि पळत सुटला. गल्लीच्या तोंडाशी पोहोचला, तोच दुकानांचे दिवे भसकन लागले.

घरात यंत्र अजून फिरत होतं. आई पलंगावरून काहीबाही घोगरं ओरडत होती. बायको जमिनीवर बसलेली, उजवा हात कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या झग्यात गुंडाळलेला.

"थोडंसंच लागलंय," ती म्हणाली. ओठ पांढरेफटक पडले होते.

"कसं झालं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"माझाच वेंधळेपणा."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "खटका मी निकामी केला. समजत असून केला."

परतताना ती म्हणाली, "फोन वाजत होता. तो उचलायचा म्हणून घाईने आत हात घालून भांडं निपटत होते, तेवढ्यात वीज आली."



तिच्या दोन बोटांची पेरं गेली. शिवणाची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. कामावर जाण्याआधी मिस्त्री भाज्या शिजवून चाळणीवर घासायचा. तीन दिवस आईने त्याच्या चमच्यापुढे तोंड उघडलं नाही; चौथ्या दिवशी उघडलं. बायको डाव्या हाताने कात्री धरायला शिकली. पहिले काही महिने तिचा प्रत्येक काप तिरका जायचा, आणि तो समोर बसून कापड ताणून धरायचा.