रुखमाबाईच्या जेसीब्या

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवली. त्या मराठीचा गावाला काय उपयोग झाला असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर एकच आहे: रुखमाबाईची विहीर पडली. तलाठ्याच्या कागदावर विहीर अतिवृष्टीनं पडली असं लिहिलेलं आहे. कागद खोटा नाही, पण अपुरा आहे. उरलेलं मी सांगतो. ते गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे, फक्त सांगायची गरज कोणाला वाटत नाही.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यातलं. रुखमाबाईचं दीड एकर वावर नाल्याला लागून आहे. तिचा नवरा उकंडराव साप चावून गेला त्याला अठरा वर्षं झाली. जाण्याआधी दोघांनी मिळून दोन उन्हाळे खपून ती विहीर खणली होती. तो खाली खणायचा, ही वरून टोपली ओढायची. त्या पाण्यावर ती वांगी, मिरची, मेथी आणि सांबार काढायची. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आठवडी बाजारात पोतं अंथरून ती तो माल विकायची. घरची विहीर होती म्हणून नवरा गेल्यावरही ती कोणाच्या वावरात मजुरीला गेली नाही. याचा तिला ताठा होता आणि तो तिला शोभायचा.

तिला लिहायला मीच शिकवलं. साक्षरतेचे वर्ग निघाले होते तेव्हा संध्याकाळी शाळेत पंधरा-वीस बाया यायच्या. बाकीच्या सही येईपर्यंत थांबल्या आणि पांगल्या. रुखमाबाई थांबली नाही. भिंतीवरच्या जाहिराती, खताच्या गोण्या, बियाण्याच्या पिशव्या, जे दिसेल ते वाचत सुटली. पुस्तकं तिच्या हाती फारशी लागली नाहीत, त्यामुळे तिची सगळी भाषा कंपन्यांच्या नावांवर वाढली.

तिथूनच आमचा वाद सुरू झाला आणि पंचवीस वर्षं चालला. बाजारात मी भाजी घ्यायला गेलो की ती मुद्दाम म्हणायची, "मास्तर, पलीकडे दोन बुलेटी उभ्या हायेत, त्याहिले सांगा जराशा बाजूले घ्या. माहं गिऱ्हाईक थांबून राह्यलं."

"बुलेटी नाही, बुलेट. दोन बुलेट. कंपनीनं दिलेलं नाव आहे ते. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही."

"भिंतीच्या भिंती होतेत ना?"

"ते सामान्यनाम."

"मंग लग्नात त्या बिसलेऱ्या वाटतेत, त्या काय म्हणून वाटतेत?"

आजूबाजूचे भाजीवाले काटे धरून ऐकत बसायचे. मला ते आवडायचं हे कबूल करतो. निवृत्त मास्तराला बाजारात अजून कोणी प्रश्न विचारतं, यासारखं सुख नाही. मी नियम सांगायचो, ती उदाहरणं द्यायची. लुनाचं अनेकवचन लुनाच, हे मात्र मला तिला शिकवावं लागलं नाही. म्हणाली, शाळेच्या शाळाच होतेत, तशा लुनाच्या लुना.

एका बाजाराला मात्र तिनं मला कायमचं गप्प केलं. मी पुन्हा तेच म्हणालो होतो, की नावाचं अनेकवचन होत नाही. तिनं मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "गावात तीन रुखमाबाया हायेत. पोस्टमन आला की इचारते, कोणती रुखमाबाई? नावाच्या बाया झाल्या का नाई, मास्तर?"

सगळे हसले. मीही हसलो. वाद ती जिंकली होती. मी सहावीच्या वर्गाला दर वर्षी फळ्यावर लिहून देत होतो की गाडीच्या गाड्या आणि साडीच्या साड्या होतात. परकं नाव मराठीत बाईमाणूस होऊन आलं की त्यालाही तोच नियम लागतो, हे मला तिच्याआधी माहीत होतं. पण बाजारात सगळ्यांदेखत हरलो ते मनात कुठेतरी राहिलं. एवढासा अपमान होता, आणि तोही प्रेमाचा. तरी राहिलाच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नाला खोलीकरणाचं काम आलं. ठेका सरपंच हिंमतरावांच्या भाच्याला मिळाला. नाला खोल करायचा सोडून त्यानं काठाचा मुरूम काढायला सुरुवात केली, कारण मुरूम रस्त्याच्या कामाला जात होता आणि नाल्यातला गाळ कोणालाच नको होता. काठ रोज थोडा थोडा आत सरकत गेला. एप्रिल संपताना रुखमाबाईच्या विहिरीपासून तो चार पावलांवर आला.

ती माझ्या घरी आली. कोरा कागद आणि पेन घेऊनच आली होती.

"मास्तर, अर्ज लिहून द्या. काम थांबवा आन् काठाले दगड लावून द्या, एवढंच लिहा. पाणी आलं तं विहीर बसन. तुमच्या अक्षराले वजन हाये."

आत निशिगंधा, माझी सून, भाकरी टाकत होती. माझ्या राजकुमारशी तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. ती जानेफळची, आणि रेशन कार्डावर नाव अजून माहेरीच. अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. त्याला आमच्या गावचा रहिवासी दाखला लागत होता आणि तो महिनाभर हिंमतरावांच्या टेबलावर पडून होता. भाकरीचा आवाज थांबला, तेव्हा ती ऐकते आहे हे मला कळलं.

मी रुखमाबाईला म्हणालो, "तुम्हीच लिहा ना. लिहायला कशासाठी शिकवलं तुम्हाला? स्वतःच्या हातचा अर्ज तो खरा अर्ज."

तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं मास्तर आपली पाठ थोपटत आहेत. मी माझा काढता पाय घेत होतो, आणि तो घेताना तिला शाबासकी देत होतो. आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं गोड खोटं दुसरं नाही.

एक मे रोजी झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. ग्रामसेवकानं तिचा अर्ज वाचला. अक्षर मोठं आणि ठळक होतं, मला मागून दिसत होतं. 'माझ्या विहिरीजवळ तीन जेसीब्या दिवसभर खोदून राहिल्या आहेत. काठ चार पावलांवर आला आहे. पावसाळ्यात विहीर पडेल. खोदणं थांबवावं आणि काठ दगडांनी बांधून द्यावा.' चार वाक्यं. मी एकतीस वर्षांत इतका स्वच्छ निबंध तपासला नाही.

भाचा शेवटच्या रांगेत मोबाईल बघत बसला होता. हिंमतरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते मोठे हुशार गृहस्थ आहेत, आवाज कधी चढवत नाहीत.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही भाषेचे जाणकार. हे जेसीब्या म्हणून काही असते काय मराठीत?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रुखमाबाईचीही वळली. ती किंचित हसत होती. हा आमचा बाजारातला वाद, आणि मास्तर आता गंमत करून मुद्द्यावर येणार, असं तिला वाटत असावं.

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, सवयीनं राहिलो. म्हणालो, "शुद्ध मराठीत असं रूप नाही. तीन जेसीबी यंत्रे, असं लिहायला हवं होतं."

हशा झाला. मग कोणीतरी बुलेटी काढली, कोणी बिसलेऱ्या काढल्या. झेरॉक्सचं अनेकवचन काय, यावर पोरंबाळं असलेले दोन बाप्ये भांडले. गावच्या ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामावर इतकी चर्चा मी कधी ऐकली नव्हती. पंधरा-वीस मिनिटं अख्खी सभा व्याकरणात रंगली आणि भाच्यानं मोबाईल खिशात ठेवून त्यात भाग घेतला. म्हणाला, "आन् माह्या तिथं जेसीबी एकच हाये. बाकीचे दोन पोकलेन हायेत. चाकं नाईत त्याहिले, पट्टे हायेत."

पोकलेन हेही एका कंपनीचंच नाव. आमच्याकडे पिवळं असेल आणि खोदत असेल ते सगळं जेसीबी, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ग्रामसेवकानं चष्मा वर केला आणि गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे अर्जात लिहिलेली यंत्रं जागेवर नाहीत."

रुखमाबाई उभी राहिली. "नाव कोणतंई असू द्या साहेब. खोदून तं राह्यले ना?"

ग्रामसेवकानं हिंमतरावांकडे पाहिलं. 'भाषा व तपशील दुरुस्त करून अर्ज पुन्हा सादर करावा' असं ठरलं. अर्ज तिच्या हातात परत देण्यात आला. रजिस्टरला त्याची नोंद झाली नाही, कारण परत केलेल्या अर्जाची करत नाहीत म्हणे. पुढची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला होती.

बाहेर पडताना ती माझ्याजवळ थांबली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "मास्तर, बजारात तं तुम्ही हारले होते."

पाचव्या दिवशी निशिगंधाचा दाखला घरपोच आला.

रुखमाबाईनं अर्ज दुरुस्त केला. एक जेसीबी यंत्र, दोन पोकलेन यंत्रे. तो घेऊन ती चार वेळा ग्रामपंचायतीत गेली. एकदा ग्रामसेवक ट्रेनिंगला, एकदा कुलूप, एकदा शिक्का नाही, एकदा साहेब जळगाव जामोदला. जूनच्या सुरुवातीला यंत्रं दुसऱ्या गावाला गेली, तेव्हा काम थांबवण्याचा प्रश्नच मिटला. काठ उघडाच राहिला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नाल्याला पूर आला. सकाळी नऊच्या सुमाराला काठ बसला आणि त्यामागे विहिरीची एक बाजू गेली, मग बाकीची. मोटार, पाईप, सगळं गाळात. मी छत्री घेऊन बघायला गेलो होतो. रुखमाबाई बांधावर उभी होती, भिजत. मी छत्री पुढे केली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तलाठी पंचनाम्याला आला. भला माणूस होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "खोदकामाबद्दल आधी कोणी तक्रार केली होती का? तशी नोंद असेल किंवा कोणी लेखी सांगत असेल, तर विहीर ठेकेदाराला बांधून द्यावी लागेल. नाहीतर मला अतिवृष्टीच लिहावं लागतं."

ग्रामसेवक म्हणाला, नोंद नाही. चाळीस माणसं तिथं उभी होती, त्यातली निम्मी ग्रामसभेला हजर होती. मीही होतो. मी चिखलातल्या चपलेकडे बघत राहिलो. तलाठ्यानं अतिवृष्टी लिहिलं.

त्यानंतर मला झोप लागेना, हे सांगून मी सहानुभूती मागत नाही. लागत नव्हती, एवढंच. मी बसून एक अर्ज लिहिला, तहसीलदारांच्या नावे, तीन पानी. तारखा, अंतर, यंत्रांची खरी नावं, ग्रामसभेचा वृत्तान्त. रुखमाबाईच्या नावानं लिहिला, आणि तिच्याकडे घेऊन गेलो. ती घरी नव्हती. दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन निंदायला गेली होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो. ती हात पुसून आली, कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवत तिन्ही पानं वाचली. मी शिकवलं होतं तसंच बोट. बाकीच्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघत होत्या.

"लय चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "पण खाली माहं नाव काऊन लिहिलं?"

"तक्रार तुमची आहे."

"माही तक्रार तं मी केली. ते सगळ्याहिनं पाह्यलं आन् कोणी पाह्यलं नाई. आता ज्यानं पाह्यलं त्यानं लिहाव." तिनं पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली. "तुमच्या नावानं लिहा, मास्तर. सही करा. मंग मी सोबत येतो तहसीलमंधी."

"रुखमाबाई, निशिगंधाची जागा अजून पक्की झालेली नाही. हिंमतराव—"

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "तुम्ही अर्ज लिहायले नाई म्हटलं तवाच ठाऊक होतं." आणि ती वळून निंदायला गेली.

मी घरी येऊन सगळा अर्ज नव्यानं लिहून काढला. 'मी खाली सही करणार, निवृत्त शिक्षक, लिहून देतो की' अशी सुरुवात केली. ग्रामसभेत मी काय बोललो तेही लिहिलं, एक शब्द न वगळता. ऑगस्ट गेला. सप्टेंबरात निशिगंधाचा आदेश आला, ती आता अंगणवाडीत जाते. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता अडचण उरली नाही. मग कळलं की कायम व्हायला दोन वर्षं काम बघतात, आणि शेरा गावातूनच जातो.

रुखमाबाई रोज सकाळी सातला डबा घेऊन आमच्या दारावरून मजुरीला जाते. अर्ज कपाटात वरच्या कप्प्यात आहे. काल काढून पुन्हा वाचला. एकही चूक सापडली नाही. सही अजून केलेली नाही.